डिस्क्लोज आणि आईची डबी

विश्रामबागेतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये 'डिस्क्लोज' हा शब्द मी बारा वर्षं शिकवतेय. अर्थ सोपा, झाकलेली माहिती उघड करणं. नुसतं 'सांगणं' नव्हे बरं का, असं मी दरडावून सांगते. आज भाजी काय केली, ते सांगायचं. जे सांगायला जीभ रेटत नाही, ते डिस्क्लोज करायचं. आणि कुणापाशी, तेही वाक्यात यायला हवं. पोरं विसरतात, मी मार्क कापते.

गेल्या वर्षी आईच्या पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं. आई माणदेशातली, मेंढरांमागं हिंडून वाढलेली. ऑपरेशनसाठी माझ्याकडं सांगलीला आली. सकाळी उपाशीपोटी तिला दवाखान्यात नेलं. फॉर्मवर नेमका तोच शब्द! आजार, औषधं, व्यसनं, सगळं डिस्क्लोज करा. मी फटाफट भरत सुटले. तंबाखू? नाही. चार वर्षांपूर्वी तिची मिसरीची डबी मीच तणतणत कचऱ्यात फेकली होती, वर आठ दिवस अबोला धरला होता. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

"काय लिवतीयास गं एवढं?" आईनं विचारलं.

"लपवलेलं काही असेल तर डॉक्टरांना सांगायचं असतं. नाहीतर भूल देताना जीवावर बेततं."

आईनं फॉर्मकडं एकदा पाहिलं. मग पदर तोंडाशी नेत म्हणाली, "तू वरडणार न्हाईस न्हवं?"

मी फॉर्मवरून मान वर केली.

"मिसरी लावलीया सकाळी. मोरीत."

"अगं, उपाशी राहायचं होतं ना तुला!"

"उपाशीच हाय की! मिसरीनं कवा उपास मोडतुय व्हय? एकादशीला बी लावतोच की आमी."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा हात दिसला. कनवटीवर घट्ट दाबून धरलेला. ऑपरेशनला नव्हती घाबरली ती, मला घाबरली होती. चार वर्षं माझ्या घरी आली की मोरीची कडी लावून ही बाई चोरासारखी मिसरी लावत होती. मला माझीच लाज वाटली.

मी 'नाही' खोडलं. डॉक्टर रागावले नाहीत. "आजी, बोललात ते बरं केलंत," म्हणाले आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायला नेताना तिनं कनवटीची डबी काढून माझ्या हातात ठेवली.

"टाकू नगंस."

दोन तास मी ती मुठीत धरून बाहेर बसले. भूल उतरली, तिचे डोळे किलकिले झाले.

"टाकलीस?"

मी मूठ उघडून दाखवली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"मग आता मोरीची कडी लावत न्हाई," ती म्हणाली.