फ्रंट स्पीकर : लार्ज

मंडळी, इथे असले अनुभव लिहिणाऱ्यांवर मी आजवर मनातल्या मनात भरपूर हसलेय. तेव्हा आता तुम्ही माझ्यावर खुशाल हसा. भूतबित मी मानत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, घरातला फ्यूजसुद्धा मीच बसवते. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही...

भिवंडीत नारपोलीला आमचं घर. घराला लागून सासऱ्यांचा कारखाना — म्हणजे पावरलूमची लांबट शेड. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत. त्या खडखडाटात हाक कुठली ऐकू जाणार? म्हणून जेवण तयार झालं की सासूबाई भिंतीवर वरवंटा आपटायच्या. धप-धप... मग जरा थांबून, धप. पलीकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, भिंतीला तळहात लावून बघायचे. हादरा लागला की निघायचे. लूमनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते.

दोन हजार सहाच्या सुमारास सासूबाई गेल्या. धंद्यातही राम उरला नव्हता, लूम भंगारात निघाले. बाबा त्या रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे, एक हात भिंतीवर. जेवायला न्यायला गेलं की दुसरा हात हलवायचे, "मना भूक न्हाय." गळ्याची हाडं दिसायला लागली हो त्यांच्या. डॉक्टर म्हणाले, हे खात नाहीत तोवर माझी औषधं काय करणार?

मग ह्यांनी शेडचा हॉल केला आणि होम थिएटर आणलं. "बापाला ऐकू येत नाही आणि हा बाजा कुणासाठी?" मी भांडले. हे म्हणाले, "अगं, तेवढीच माणसं त्यांच्याजवळ बसतील."

जोडणी अर्थात मीच केली. समोरचे, म्हणजे फ्रंटचे, दोन स्पीकर छोटे, म्हणून रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्याच्या, मेन्यूत जाऊन सगळ्यांची स्पीकर साइझ 'स्मॉल' केली. तसं केलं की जड, घुमणारा आवाज दाराजवळच्या सबवूफरकडे जातो, छोट्या स्पीकरवर ताण येत नाही. डावा स्पीकर नेमका स्वयंपाकघराच्या त्या भिंतीवर ठोकलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांसमोर बातम्या लावून मी भाकऱ्या भाजत होते, आणि भिंत हादरली. धप-धप... धप. धावत हॉलमध्ये गेले तर बाबा उठून उभे! "वाढ गो," म्हणाले. पोटभर जेवले.

मेन्यू उघडला. फ्रंट — लार्ज, म्हणजे जड आवाज थेट भिंतीवरच्या स्पीकरलाच. लोडशेडिंगमुळे मेमरी गेली असेल म्हणावं, तर सगळंच बदलायला हवं ना? सेंटर स्मॉल, मागचे स्मॉल. मी फ्रंट परत स्मॉल केलं. त्या दुपारी भिंत गप्प, आणि बाबांनी ताट परत पाठवलं. पुढच्या दुपारी पुन्हा लार्ज, पुन्हा धप-धप, पुन्हा जेवण. माझं तर डोकंच फिरलं. ह्यांना धरलं, "रिमोटशी तुम्ही खेळता का?"

"अगं बाई, मला आवाज वाढवण्यापलीकडे त्यातलं काय येतं?" तेही खरंच होतं.

शेवटी वैतागून रिसीव्हर दुरुस्तीला दिला. स्पीकरच्या वायरी टेप लावून सोडून ठेवल्या. आणि दुपार झाली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आज बाबा जेवणार नाहीत, आणि माझ्या शहाणपणामुळे जेवणार नाहीत! लाइटसुद्धा गेलेली. तवा उतरवून मी नुसती येरझारा घालत होते.

धप-धप.

मी पळत सुटले. वायरी तशाच लोंबत होत्या. डाव्या स्पीकरची जाळी काढून पडद्यावर बोटं ठेवली, आणि तो बोटांखाली एकदा उचलला गेला. धप. आई शप्पथ सांगते. मी बोटं झटकन मागे घेतली आणि बाबा चक्क हसत होते, सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. "तुजी सासू हाय ती. थांबाची न्हाय. चल, वाढ."

रिसीव्हर परत आला. बिघाड काहीच नाही म्हणे. मी स्वतःच्या हाताने फ्रंट लार्ज केलं आणि बाबा असेपर्यंत त्या मेन्यूला बोट लावलं नाही. काही वर्षं जगले ते, दुपारचं जेवण एकदाही चुकवलं नाही.

बाबा गेले त्यानंतर मी पुन्हा स्मॉल करून बघितलं. स्मॉलच राहिलं. आठवडाभर रोज बघत होते. मग मुद्दाम लार्ज केलं, तरी भिंत गप्प. कारण काय ते मला आजही सांगता येत नाही, आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. स्वयंपाक झाला की अजूनही हॉलमध्ये जाऊन भिंतीला हात लावते. हे विचारतात, "कुणाची वाट बघतेस?"

काय सांगू? ज्यांना बोलवायचं होतं ते गेले ना जेवायला.