भाऊबीजेची खोली

गोजराबाईंना भाऊ नव्हता. भाऊबीजेला आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणात घरोघरी पाट मांडले जायचे, तेव्हा ही विधवा बाई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं.

शेती शहरासाठी गेली, लेक प्रिया लग्न होऊन करंजाड्याला गेली. मोबदल्यातून बाईंनी घराला लागून एक खोली बांधली. म्हातारपणी तिच्या भाड्यावर जगायचं, एवढाच बेत. ब्याण्णव साली तुर्भ्याच्या कारखान्यातला श्यामसुंदर बायकोसह राहायला आला. साताऱ्याकडचा, जिभेवर साखर असलेला. बाईंना भाऊ नाही हे कळल्यावर त्या दिवाळीत आपण होऊनच पाटावर बसला.

बाई हरखल्या. पुढे दर महिन्याला तो पैसे आणून देवापुढच्या ताटात ठेवायचा. म्हणायचा, "अक्का, याला भाडं म्हणू नका. भावाची ओवाळणी समजा."

पनवेलला स्वतःच्या खोल्या भाड्याने देणाऱ्या अब्दुर्रहमानशेठनी बजावलं, अकरा महिन्यांचा कागद करा, पावती देत जा. बाईंना रागच आला. भावाशी कसला कागद? नळावर, मासळीबाजारात, हळदीत, जिथे तिथे त्या सांगत सुटल्या, "त्यो भाडेकरू नाय, माजा भाऊस हाय." आम्हीही मूर्खासारखे कौतुकाने ऐकत राहिलो.

तीन दिवाळ्या गेल्या आणि ताट रिकामं राहू लागलं. बाईंनी भीतभीत विचारलं, तर त्याने घर आणि खोलीमधलं दार खिळे ठोकून बंद केलं. शेवटी त्यांनी गावचे पंच बोलावले. श्यामसुंदर हात जोडून उभा. आवाज तसाच मऊ.

"मी भाडं कधी दिलंच नाही. अक्कांनी भावाला खोली दिली. गावाला विचारा."

म्हातारे देवजी पाटील खाली मान घालून म्हणाले, "गोजरे, तूच बोलत व्हतीस ना, त्यो भाडेकरू नाय?" केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. अजून आठवलं की मस्तक फिरतं.

त्या भाऊबीजेला तो नवा सदरा घालून, चार माणसांच्या देखत बाईंच्या दारात आला. भाऊपण टिकवायला हवं होतं ना. "अक्का, पाट मांडलात?"

बाई ताट घेऊन बाहेर आल्या. त्याच्याकडे न बघता अंगणात गेल्या आणि चंद्राला ओवाळलं.

खोली मात्र अजून त्याच्याकडेच आहे.