हिरवी हिरवीला

मी बोईसरला एमआयडीसीत वायरी जोडायचं काम करते. घर तिथून जवळच, किनाऱ्यावरच्या माहीमला. बाबा तांडेल, म्हणजे मासेमारीची बोट हाकणारे, आणि बोटही स्वतःची. त्यामुळे बोटीवर नवा रेडिओ आला तेव्हा, "दुकानातला मानूस कशाला? माजी पोरगी हाय की!" असं त्यांनी अख्ख्या बंदराला ऐकवलं.

रेडिओ चांगला होता, पण बोट कुठे आहे ते त्याला स्वतःला कळत नसे. ते कळायचं जीपीएसला. जीपीएसने वायरीतून जागा सांगितली, की मग रेडिओ ती आसपासच्या बोटींना दाखवायचा, आणि संकटात लाल बटण दाबलं की किनाऱ्याला कळवायचा. दोन्ही यंत्रांतून प्रत्येकी एक हिरवी आणि एक पिवळी वायर निघत होती. मी बाबांचा हात धरून दाखवलं, "हिरवी बोलते, पिवळी ऐकते. ह्याची हिरवी त्याच्या पिवळीला, कळलं?" मग दोन्ही यंत्रांच्या बोलण्याचा वेग एक केला आणि रेडिओच्या पडद्यावर जागेचे आकडे उमटले. "वा गं माजे बाय!" बाबा म्हणाले. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढच्या फेरीहून आले ते वायरी तोडूनच.

"चार बोटी मागं लागल्या," म्हणाले. "माजी पापलेटची जागा, माज्या बापानं दाखवलेली. ती काय गावाला वाटू?"

"आणि बुडालात तर?"

"तुज्या जिभेला काय हाड हाय का नाय? येळ आली तर जोडीन. दोन वायरी तर हायत."

मी काय गप्प बसणारी! "पापलेटं येतील मग शोधायला तुम्हाला," असं तोंडावर म्हटलं. किती दिवस अबोला होता आमच्यात. जेवताना आईला मध्ये घालून बोलायचो, तिला मेलीला दोन्हीकडून ऐकावं लागायचं.

दिवाळीनंतर एका वादळी वाऱ्यात बोटीची फळी फुटली. बोटीवरचा एक खलाशी तेवढा वाचला. तो घरी येऊन आईच्या पायाशी बसला आणि सांगू लागला, "पानी चढत व्हतं. तांडेल बोलला, तुमी उड्या मारा, मी वायर जोडून येतो. आमी हाका मारल्या. आतून बोलला, झालंच, झालंच."

किनाऱ्याला लाल बटणाची हाक पोचली होती. कुठली बोट ते कळलं होतं, कुठे आहे ते आलंच नाही. शोधणारे भलत्याच बाजूला फिरत राहिले. बाबा सापडले नाहीत.

बोट मात्र सापडली. अर्धी बुडालेली, दुसऱ्या बोटींनी ओढत आणली. ओहोटीला मी चिखलातून गेले आणि केबिनमध्ये शिरले. वायरी जोडलेल्या होत्या. जाळं विणणाऱ्याचा हात तो, पीळ इतका घट्ट की नखाने सुटेना. वर काळी टेपसुद्धा नीट गुंडाळलेली. हिरवी हिरवीला, पिवळी पिवळीला.

मला रडू आलं नाही, संताप आला. अहो, सांगितलं होतं ना मी! हात धरून सांगितलं होतं! त्या पडक्या केबिनमध्ये एकटी ओरडत होते मी. रंगाला रंग लावला म्हाताऱ्याने. कोणीही लावला असता. तरी मला त्यांचा राग येतो, अजून येतो, कारखान्यात हिरवी वायर हातात आली की येतो.

घरी आले तर आई दारातच होती. माझ्या पायांचा चिखलही तिने बघितला नाही.

"जोडली व्हती का गं त्यानं?"

"जोडली होती," मी म्हटलं.

"बघ. तुजं ऐकलं शेवटी," आई म्हणाली, आणि मग कुठे तिला रडू फुटलं.

रंगांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.