सात लाख बेचाळीस हजार नऊशे त्र्याहत्तर

निजामाच्या राज्यात आमच्या ईट गावच्या शाळेत चौथीची परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब यायचे. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं, पास झालीस तर धाराशिवला मामाकडं शिकायला, नाहीतर पाहुणे बघायचे. निकाल ऐकायला ते स्वतः व्हरांड्यात येऊन बसले होते.

साहेबांनी फळ्यावर उर्दूत संख्या लिहिली, सात लाख बेचाळीस हजार नऊशे त्र्याहत्तर. हिला अकरानं भाग जातो का, आणि सातानं जातो का? गणितात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं आणि हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. उर्दू मात्र अजून अंगवळणी पडायचं होतं. उर्दूत अक्षरं उजवीकडून वाचायची, पण आकडे आपल्यासारखे डावीकडून. मी घाईत आकडेही उजवीकडूनच उचलले आणि पाटीवर मराठीत मांडले: ३,७९,२४७.

"अकरानं जातोय, सातानं न्हाय. एक उरतोय," मी ठणकावून सांगितलं.

साहेबांनी पाटी हातात घेतली. "बेटी, ये तो उलटा है. असली आकडे को सात से पूरा भाग जाता है."

पण अर्धं उत्तर बरोबर होतं आणि ते सोडायला मी तयार नव्हते. "साहेब, अकराचं उलट्यानं काय बिघडत न्हाय," मी म्हणाले आणि करून दाखवलं. एकाआड एक आकडे घेतले, तीन, नऊ, चार, सोळा झाले. राहिलेले सात, दोन, सात; तेही सोळा. दोन्हीकडं सारखं आलं की अकरानं भाग जातो. कुठल्याही टोकाकडून वाचा, बेरजा त्याच राहतात. सात तेवढा समजूतदार नाही, त्याला प्रत्येक आकडा जागच्या जागी लागतो.

"किसने सिखाया?"

"कुणी न्हाय. मांडता मांडता कळलं."

साहेब हसले. मला इतका आनंद झाला की मी पास झालेच असं धरून चालले.

बाहेर जाऊन ते वडिलांशी अदबीनं बोलले. मुलगी हुशार आहे, हिसाबात पास आहे. पण तिला उर्दू आकडे वाचता येत नाहीत, म्हणून उर्दूत नापास. उर्दूशिवाय वरच्या वर्गात घेता येत नाही, पुढच्या साली पुन्हा बसवा.

वडिलांनी त्यातला 'नापास' तेवढा ऐकला. साहेबांनी कायदा पाळला, त्यांचा मला राग नाही. वडिलांचा आला, आणि तो गेला नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर एकदा वडील माझ्या सासरी आले. पाणी पिता पिता म्हणाले, "आता शाळंत उर्दूची सक्ती न्हाय म्हणं."

थोरली माझ्या मांडीवर होती. तिला घेऊन मी आत गेले आणि ते निघेपर्यंत बाहेर आले नाही.