राह्यल्याचंच लिवा

डोळे मिटले की ती दुपार अजून दिसते. मेहकरजवळच्या मळ्यातलं आमचं घर, वांग्यांच्या सरीतून झुळझुळणारं पाणी, आणि धुऱ्याच्या बांधावरून सायकल हाती धरून येणारे धोतरातले गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते विम्याचं काम करत. बाबांनी त्यांना दोन बाजार पालथे घालून शोधलं होतं. विमेवाला म्हणजे कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एका शहाण्यानं तर बाबांना देवी टोचणाऱ्याकडे धाडलं.

बाबांना विमा हवा होता तो माझ्यासाठी. आपलं काही बरंवाईट झालं तरी पोरीची शाळा सुटू नये, एवढंच. आईला मात्र तो मरणाचा सौदा वाटे. ती चुलीपाशी पाठ फिरवून बसली.

गुरुजींनी वय विचारलं. बाबा ऐटीत म्हणाले, "पन्नास लिवा."

बाबा चाळिशीच्याही आत होते. पण बैलबाजारात मुरलेला माणूस. वय झालेला बैल स्वस्त, एवढंच त्यांना माहीत.

"भाऊ, इथं उलटं असते," गुरुजी हसले. "वय जास्त तं हप्ता जास्त."

"मंग तीस लिवा!"

मला हसू आवरेना. शेवटी बाबांची जन्मपत्रिका पाहायची ठरली, आणि ती होती आईच्या पेटीत. आईनं ती काढली, पण हातातून सोडेना.

"गुरुजी, हे गेले तं पैसे भेटतात. अन् राह्यले तं?"

"राह्यले तरी भेटतात, बाई. वीस वर्षांनी. पण तशा विम्याले हप्ता जास्त बसते."

"बसू द्या. राह्यल्याचंच लिवा."

 हप्त्याच्या चिठ्ठीवर गुरुजींनी शिसपेन्सिलीनं जाड अक्षरांत लिहिलं, 'राहण्याचे', आणि चिठ्ठी तिच्या हाती दिली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ती देवामागे ठेवली आणि मगच पत्रिका पुढे केली.

वीस वर्षं कशी सरली कळलंच नाही. पैसे मिळाले तेव्हा मी माहेरी आले होते. बाबा ठणठणीत होते. आईनं पैशांकडे धड पाहिलंही नाही. देवामागची चिठ्ठी काढली. पेन्सिल पार पुसून गेली होती.

"पाह्य, संपलं हे," ती घाबरून म्हणाली. "गुरुजींले बोलवा. फुडचे वीस वर्सं लिवून घ्या."

गुरुजी मागच्याच हिवाळ्यात वारले होते. मी तोंड उघडणार तोच बाबांनी डोळ्यांनी दटावलं. "हाव, उद्याच जातो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मळ्यात गाठलं. खिशातून कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"लिव," म्हणाले. "शाळा शिकली ना तू? अक्षर जाड काढजो."