दोघांची वळकटी

शहराकडून येणारे पाहुणे माझ्या दुकानात डिझेल भरायला थांबले की एक प्रश्न हमखास विचारतात. "वळकटी घ्यावी की तंबू?" वळकटी म्हणजे आमची स्वॅग. जाड कॅनव्हासची पिशवी, आत पातळशी गादी. सकाळी गुंडाळायची, पट्टे आवळायचे आणि गाडीच्या मागे फेकायची. माझं उत्तर तीस वर्षं पाठ आहे. रोज सकाळी पुढे निघणार असाल तर वळकटी, एका जागी दोन-चार दिवस काढणार असाल तर तंबू. आणि सापांची काळजी नको, त्यांना तुमच्यात काडीचा रस नाही. एवढं सांगितलं की मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

एकाच माणसाला मला हे उत्तर देता आलं नाही. लेस्टर टुमीला. आणि त्याने तर तो प्रश्न मला तीनदा विचारला.

लेस्टर कुंपणावरचा माणूस. रानकुत्र्यांनी मेंढ्यांच्या मुलखात घुसू नये म्हणून वाळवंटातून जे तारेचं कुंपण गेलंय, त्यातला शंभरेक किलोमीटरचा तुकडा त्याच्याकडे. आठवडाभर कुंपणाच्या कडेकडेने गाडी न्यायची, कांगारूंनी पाडलेली भोकं विणायची, उंटांनी लोळवलेले खांब उभे करायचे, वाऱ्याने रचलेली वाळू उपसायची. मग तीन दिवस गावात, की पुन्हा कुंपण. गाव म्हणजे तरी काय, माझं दुकान, एक पब आणि अकरा घरं. त्यातली चार बंद.

अंगाने काटकुळा, हातांवर तारेचे ओरखडे, आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. "बरं", "बघू" आणि "उन्हाळा आहे" एवढ्या भांडवलावर त्याने साठी ओलांडली. मला असल्या माणसांचा फार राग येतो. मी दिवसभर एकटी दुकानात बसते, एखादं माणूस येतं, तर त्याने दोन शब्द टाकून जावेत की नाही?

त्याची कसर त्याची बायको मोया भरून काढायची. सव्वीस वर्षं दोघं मिळून ते कुंपण राखत होते. ती गाडी चालवायची, हा दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तार बघायचा. फेरीला निघताना ती माझ्याकडे पीचचे चार डबे घ्यायची आणि तासभर बोलायची. लेस्टर गाडीत बसून वाट बघायचा. हॉर्न त्याने कधी वाजवला नाही, तेवढं मात्र कबूल करायला हवं.

त्यांची वळकटी मीच शिवलेली. माझ्या वडिलांचं ट्रकची ताडपत्री शिवायचं जड मशीन अजून माझ्याकडे आहे. लग्नानंतर महिन्याभराने मोया आली आणि दुकानाच्या धुळीने माखलेल्या फरशीवर बुटाच्या टोकाने तिने माप काढून दाखवलं.

"एवढी रुंद कर, ग्लेनिस. दोघं मावले पाहिजेत, पण रुसून लांब सरकायला जागा नको."

एवढ्या रुंदीचं कापड माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी कापडाचे दोन पट्टे घेतले आणि मधोमध दुहेरी शिवण मारली. पुढे तिच्यावर किती ठिगळं लागली असतील, पण ती शिवण कधी उसवली नाही.

दोन वर्षांपूर्वी मोया गेली. कुंपणावर नाही, सहाशे किलोमीटरवरच्या शहरात, दवाखान्यात. दफन झाल्यावर चौथ्या दिवशी लेस्टर कुंपणावर गेला. लोक म्हणाले, दगड आहे. मीही म्हटलं. त्याने पीचचे डबे घेणं बंद केलं, एवढाच काय तो फरक मला दिसला.

आणि वळकटी. दोघांची वळकटी गुंडाळायला दोघं लागतात. पायथ्याच्या कडेच्या दोन्ही टोकांना शेजारी-शेजारी गुडघे टेकायचे आणि एका दमात पुढे रेटायची. एकट्याने केली की एक बाजू पुढे पळते, दुसरी मागे राहते. त्याच्या गाडीत आता जे धूड पडलेलं असायचं ते एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं. पबमधल्या पोरांनी त्याचं नाव "लेस्टरचं गाजर" ठेवलं. मीही हसले. का हसले ते पुढे कित्येक दिवस मला डाचत राहिलं.

गेल्या जूनमध्ये गाजराने त्याला आडवं केलं. सकाळी ते धूड उचलून गाडीत टाकताना त्याची कंबर धरली, आणि तो दीड दिवस कुंपणाजवळ तसाच पडून होता. वायरलेसवर उत्तर येईना म्हणून माणूस पाठवला, तेव्हा सापडला. बरा होऊन आला तेव्हा त्याचा साहेब फिनुकेन माझ्याच दुकानात वाट बघत उभा होता. पोरगा तिशीतला, पण बोलायला नीट.

"लेस, तुमच्या कामात खोट नाही," फिनुकेन म्हणाला. "पण ते धूड बंद करा. एकट्याला झेपेल असं काहीतरी घ्या. छोटी वळकटी घ्या, तंबू घ्या, काय हवं ते घ्या. महिन्याने मी येतोय. तेव्हाही तेच दिसलं तर कुंपण मला दुसऱ्याला द्यावं लागेल. पुन्हा तसे पडलात तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"बरं," लेस्टर म्हणाला.

फिनुकेन गेल्यावर तो तसाच उभा राहिला. कुंपण गेलं तर या माणसाकडे उरणार काय? अकरा घरांतलं एक घर. त्यात एक फ्रीज आणि मोयाने लावलेलं, दोन वर्षांपूर्वीचं पान उघडं असलेलं कॅलेंडर. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

"वळकटी की तंबू?" त्याने विचारलं.

मी फळीवरून एकट्याची नवी वळकटी काढली आणि फरशीवर पसरली. "निजून बघ. लाजू नकोस, गिऱ्हाईक आलं तर सांगेन की मी तुला विकायला काढलंय."

तो बूट काढून आत शिरला. छतावरच्या पंख्याकडे बघत मिनिटभर पडून राहिला, मग उठला.

"शवपेटी आहे," म्हणाला. "तिला अजून वेळ आहे."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. मग मी त्याला एक लहान तंबू दिला. दोन काठ्या आणि एक चेन, एका हाताने उचलता येईल असा. म्हटलं, फेरीला घेऊन जा, आवडला तर ठेव. त्याने तो गाडीत टाकला. गाजराच्या शेजारी. ते घरी ठेवायला तो तयार नव्हता.

आठ दिवसांनी तंबू परत आला. नीट घडी घातलेला, झटकलेला, वाळूचा कणही नाही.

"आता याला काय झालं?" मी विचारलं.

"आत एकच माणूस मावतं."

"मग एकटाच तर आहेस!" मी म्हटलं.

माझी जीभ ही अशी आहे. माझा नवरा पळून गेला तेव्हाही लोकांनी दोष या जिभेलाच दिला होता. लेस्टरने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"त्याची चेन लावली की कळतं, आत कोण आहे आणि कोण नाही," तो म्हणाला. "वळकटीत तसं नसतं. पहाटे जाग आली की वाटतं, ती चहा टाकायला उठली असेल."

तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला, वळकटी की तंबू. मी उगाच काउंटर पुसत बसले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

फिनुकेन यायच्या दिवशी लेस्टर भल्या सकाळी माझ्या दुकानामागे होता. आदल्या दिवशी फेरीवरून आला होता, पण घरी गेलाच नाही. माझ्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ वळकटी पसरून निजला होता. मी चहाचे दोन मग घेऊन मागच्या दारात आले, तेव्हा तो ती गुंडाळायच्या तयारीत होता. कडा आत दुमडल्या, एका टोकाला गुडघे टेकले, दोन्ही हात कॅनव्हासवर ठेवले. आणि थांबला.

मला वाटलं, कंबर. पण चेहऱ्यावर कळ दिसेना. तो नुसता थांबला होता, मान जराशी उजवीकडे करून. मग त्याने एकट्याने रेटली आणि गाजर व्हायला सुरुवात झाली.

"कशासाठी थांबला होतास?" मी विचारलं.

"सवय आहे."

"कसली?"

"ती 'हं' म्हणायची," लेस्टर म्हणाला. "मग रेटायचं."

दोन वर्षं. रोज सकाळी. मी चहाचे मग टाकीवर ठेवले आणि त्याला म्हटलं, "उलगड ती परत." मग मी मोयाच्या टोकाला जाऊन गुडघे टेकले. माझे गुडघे काय आवाज करतात ते सांगत नाही. मी लगेच रेटायला लागले, तर त्याने हाताने थांबवलं.

"आधी नाही."

"हं," मी म्हटलं.

आम्ही रेटली. वळकटी सरळ आली. दोन्ही टोकं सारखी, घट्ट, पट्टे जुन्या खुणांवर जाऊन बसले. अशी ती दोन वर्षांत झाली नव्हती. मला वाटलं, तो खूश होईल. तो त्या सरळ वळकटीकडे बघत राहिला, डोळे भरून आले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"आज तू आहेस," तो म्हणाला. "सोमवारी कुंपणावर कोण म्हणणार?"

दुकान बंद करून कुंपणावर जाण्याचा विचार एक क्षणभर मनात आला होता, तो मी त्याला सांगितला नाही. तुम्हालाही सांगायला नको होता.

आम्ही चहा प्यायलो. मग त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "वळकटी की तंबू, ग्लेनिस?"

"वळकटीच," मी म्हटलं. "पण हीच. मधली शिवण मीच मारलीये, मीच उसवते. अर्धी करते. एकट्याला झेपेल."

त्याने वळकटीवरून एकदा हात फिरवला. मग त्याने पट्टे सोडले.

मी वळकटी आत नेऊन टेबलावर पसरली. डाव्या अर्ध्यावर ठिणग्यांनी पडलेली भोकं, चहाचे डाग, टाचांनी झिजलेली जागा, ती त्याची बाजू. उजवी मोयाची. फाटलं तिथे लाल दोऱ्याने रफू केलेलं, उशाशी डोक्याच्या तेलाचा काळपट डाग. मी ब्लेडने एकेक टाका उसवत गेले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी एवढी पक्की शिवण कशाला मारली असेल, असं मनात येत होतं. शेवटचा टाका सुटला आणि कापडाचे दोन पट्टे वेगळे झाले.

"तुझ्या बाजूला नवी कड लावते," मी म्हटलं. "तिची घडी करून देते. घरी ठेव."

"नाही," लेस्टर म्हणाला. "माझी काढून टाक."

"अरे, मग निजणार कशात?"

तो बोलायला लागला तेव्हा मी ब्लेड खाली ठेवलं.

"माझ्या बाजूला निजलं आणि कूस बदलली की तिची जागा दिसते. रिकामी. दोन वर्षं तेच बघतोय. तिच्या बाजूला निजलो तर रिकामी राहील ती माझी जागा." त्याने डाव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "ती मला सोसेल."

दुपारपर्यंत मी मशीनवर होते. गादी अर्धी कापली, नवी कड लावली, जुनेच पट्टे आखूड करून बसवले. लाल रफूला हात लावला नाही, तेलाच्या डागालाही नाही. त्याच्या बाजूच्या कापडाचा पट्टा टेबलाखाली पडला. त्याचं काय करू, ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो अजून तिथेच आहे.

फिनुकेन आला तेव्हा लेस्टर बाहेर अंगणात वळकटी गुंडाळायला बसत होता. मी आणि फिनुकेन दारात उभे राहिलो. आता ती अरुंद होती, मधोमध गुडघे टेकले तरी चाललं असतं. लेस्टरने एका बाजूलाच टेकले, शेजारी एका माणसाची जागा सोडून. हात कॅनव्हासवर ठेवले. थांबला. मग त्याचे ओठ हलले, आणि वळकटी सरळ पुढे गेली. पट्टे आवळून त्याने ती एका हाताने उचलली आणि गाडीत टाकली.

"झालं तर मग," फिनुकेन मोठ्याने म्हणाला. "सोमवारी नेहमीसारखे निघा, लेस." मग हळूच मला विचारलं, "मघाशी काय म्हणाले ते?"

"'हं' म्हणाला," मी सांगितलं. "तुला नाही."