मेणाचा ड्रम

दामूशेठ गेले, हे मला सातपूरच्या बस स्टॉपवर त्यांच्याच वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरने सांगितलं. मी वाईट वाटण्याची वाट पाहत उभा राहिलो... बस आली, मी चढलो.

शोकसभेत सगळे त्यांना दिलदार म्हणाले. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात काम केलं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि पहिली नोकरी शेठनीच दिली. ते उपकार मी नाकारत नाही. पण दिलदार? नाही.

सुरगाण्याकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी आम्ही उन्हावर पाणी तापवायचं यंत्र करत होतो. छपरावर तापलेलं पाणी दिवसभर मेणाच्या ड्रममधल्या नळीतून फिरायचं, मेण वितळायचं. पहाटे त्याच नळीतून गार पाणी सोडलं की ते गरम होऊन बाहेर यावं, अशी कल्पना. यायचं ते जेमतेम कोमट. कारण नळीला लागलेलं मेण आधी गोठायचं, तिच्याभोवती पांढरं कवच धरायचं, आणि बाकीची उष्णता आतच अडकायची. मी म्हटलं, नळीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडू. त्या मेणात दूरवर पोचतील, उष्णता नळीपर्यंत आणतील.

"पट्ट्यांनी जागा खाल्ली की मेण कमी. मेण कमी, तर उष्णता कमी. कॉलेजात वजाबाकी शिकवली नाही का, इंजिनिअरसाहेब?" शेठ म्हणाले. सगळं वर्कशॉप हसलं.

एका पहाटे पाणी कोमट येऊन गेल्यावर मी ड्रममध्ये सळई बुडवून दाखवली. आतलं मेण अजून पातळच होतं, सळईवरून ठिबकत होतं.

"मेण गरम आहे ना? मग यंत्र पास."

"शेठ, मुली मेणाने आंघोळ करणार नाहीत."

"लय बोलायला लागलास. काल पायात चप्पल नव्हती तुझ्या..."

ड्रम तसाच वसतिगृहात गेला. हार, नारळ, फोटो. त्या थंडीत अधीक्षक बाई स्वतः वर्कशॉपात आल्या. "तुमच्या ड्रमात ऊन कोंडलंय अन् माझ्या पोरी कुडकुडतायत. घेऊन जा तो."

शेठनी तो आणून केबिनबाहेर ठेवला, वर गोणपाट टाकलं आणि पुढे रोज त्यावर बसून चहा प्यायले. मी पट्ट्यांचा विषय काढला की ड्रमवर थाप मारायचे. "बोल, वजाबाकी!" तेच माझं नाव पडलं.

परवा तिथे गेलो. गोणपाटात त्यांच्या बसण्याचा खळगा अजून तसाच होता.

"हे भंगार कशाला हवंय, वजाबाकी काका?" त्यांच्या मुलाने विचारलं.

"पट्ट्या बसवतो. थंडीच्या आत वसतिगृहाला देतो."

"बाबांना आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," मी म्हणालो, आणि गोणपाट ओढून खाली टाकलं.